पोरीच्या सायकलचं हँडल

अम्गरा, कुवेत
२२ सप्टेंबर २०२४

ती. नर्मदाताई,

काशिनाथचा दुरून नमस्कार. पत्र पोस्टाने टाकतो आहे, कधी पोचेल देव जाणे. अक्षय म्हणतो मामा फोन करत जा, पण फोनवर मला काही कळत नाही हे तुला माहीत आहे. गॅरेजात गाड्यांचे पत्रे ठोकून ठोकून कान गेले. कानाचं यंत्र लावलं की शिट्टी वाजते आणि तुझं "हॅलो हॅलो" तेवढं पोचतं. त्यापेक्षा कागद बरा. परत वाचता येतो.

शुवैखच्या गॅरेजातून मला वय झालं म्हणून काढलं ते तुला मागे कळवलं होतं. आता बू सालेम म्हणून गॅरेजचं जुनं गिऱ्हाईक आहे, त्याने मला अम्गऱ्यातल्या त्याच्या गाळ्यावर ठेवून घेतलं आहे. गाळ्यातच माझी खाट. आजूबाजूला सगळी भंगाराची आवारं. त्याला जुन्या अमेरिकन सायकलींचं वेड आहे. त्याच्या बापाने अहमदीच्या तेल वसाहतीतल्या एका अमेरिकन साहेबाकडून घेतलेली सायकल गोदामात सापडली, ती मी नीट करतो आहे. शिकागोच्या कारखान्याची आहे. टायर मोटरसायकलसारखे जाडे. दोन नळ्यांच्या मध्ये पत्र्याची टाकी, तिच्यात पेट्रोल नव्हे, भोंगा असतो. हाताचा ब्रेक नाही, पेडल उलटं मारलं की थांबते. चेनचं चाक बघितलंस तर म्हणशील एकाआड एक दात पडलेत. ते तसंच असतं.

अट एकच. ज्या सालची सायकल, त्याच सालचा प्रत्येक भाग. स्क्रूसुद्धा सरळ खाचेचा हवा, चौफुलीचा चालत नाही. बू सालेम फोनवर वाचून दाखवतो, अमेरिकेतले म्हातारे एका नटावरून आठवडाभर भांडतात. मला वाटलं होतं माणसं वेडी फक्त आपल्याकडे असतात.

फेब्रुवारीत इकडे जुन्या गाड्यांचं प्रदर्शन असतं, त्यात ती ठेवायची आहे. माझा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, फेब्रुवारीतच संपतो. सायकल मनासारखी झाली तर बू सालेम तो वाढवून देईल असं वाटतं. तोंडाने म्हणाला नाही. पण मी तेच धरून चाललो आहे. नाहीतर मला घरी यावं लागेल, आणि तुमच्या घरात अक्षय, सून दर्शना, तू, गणपतीला येणारी माणसं, त्यात माझी खाट कुठे मांडणार? म्हणून तू काळजी करू नकोस. मी करतो आहेच.

एक काम. थोडं कोकम पाठव. नेरूरचा सुधीर इलेक्ट्रिशियन सुटीवर आला आहे, दसऱ्यानंतर परततो, त्याच्या घरी दे.

स्वयंपाकघरावर झुकलेला माड उतरवलास का? मागच्या पावसात नाही पडला म्हणून पुढच्या पावसात पडणार नाही असं नाही. सायकलचा फोटो दर्शनाच्या फोनवर पाठवला आहे, बघ.

तुझा धाकटा,
काशिनाथ


वालावल
१४ ऑक्टोबर २०२४

चि. काशी,

सावलीत बसून वाच. दर्शनाला सवड नाही म्हणून मीच लिहिते आहे. चौथीची अक्षरं आहेत, हसायचं तर एकटाच हस.

कोकम मागितलंस म्हणून बरं वाटलं. तोंडाची चव गेली असेल त्या खुबूसच्या रोट्या खाऊन. यंदाच्या कोकमांच्या रसाचं आगळ दिलं आहे सुधीरकडे, मोठी बाटली. प्रवासात बिघडू नये म्हणून मीठ सढळ घातलं आहे. सोलकढी करशील तेव्हा वरून मीठ घालू नको. नेरूरला मीच जाऊन दिली. सुधीरची आई म्हणते, "नर्मदाबाय, तू चलत इलंय?" म्हटलं नाही, विमानाने.

सायकल पाहिली. छान आहे. हिरवा रंग उठून दिसतो.

खाटेचं तू काय लिहितोस ते मला समजलं नाही. ह्या घरात खाट मांडायला कधी जागा कमी पडली? पण तुला तिकडेच बरं वाटत असेल तर मी कोण बोलणार. त्या बू सालेमची बायको जेवायला घालते का तुला? सणासुदीला तरी?

माडाचं अक्षयला सांगितलं आहे.

खंडेनवमीला कोयत्या-विळ्यांची पूजा केली. तुझा जुना हातोडा पाटावर मांडला होता. फूल वाहिलं.

तुझी ताई


अम्गरा
१० नोव्हेंबर २०२४

ती. ताई,

तुझं पत्र आणि बाटली सुधीरने आणून दिली. आधी एक विचारतो. सायकल लाल आहे. तळापासून घासून मूळ रंग काढला, तो लालच निघाला आणि लालच दिला. तू हिरवी लिहिलीस. तुला डोळ्यांनी नीट दिसतं का? आपल्या आईलाही असंच आधी रंगांचं झालं होतं, मग मोतीबिंदू निघाला. अक्षयला म्हणावं कुडाळला डॉक्टरकडे घेऊन जा. आजच म्हणावं. मला ह्या विचाराने झोप नाही.

आता दुसरं. कसं लिहू तेच कळत नाही.

कोकम मी खायला मागितलं नव्हतं. आई समई कशाने घासायची आठवतं ना? भिजवलेल्या कोकमाच्या सोलांनी. तोच उपाय मी इकडे गंजाला करत होतो. इथले लोक बाजारातली औषधं वापरतात, ती जुन्या मुलाम्याला खातात असं मला वाटतं. सोलाच्या पाण्यात नट ठेवले की गंज अलगद सुटतो आणि खालची चकाकी तशीच राहते. बू सालेमला हे सांगितलं नव्हतं. म्हटलं हसेल. तुलाही सांगितलं नाही, म्हटलं तू ओरडशील, खायची वस्तू लोखंडाला लावतो म्हणून.

माझ्याकडची सोलं संपली होती. बाटली आली तेव्हा हँडल तेवढं राहिलं होतं. आगळात मीठ असतं हे मला कळत नाही असं नाही. पण मनात आलं, बादलीभर पाण्यात एक बाटली, मीठ असून असून किती असणार. गुरुवारी बुडवलं. शुक्रवारी मंगफला रितेशकडे दिवाळीच्या फराळाला गेलो. पिंगुळीचा आहे तो, हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. त्याने आग्रह केला म्हणून राहिलो. शनिवारी येऊन काढतो तर मुलाम्याला सगळीकडे टाचणीने टोचल्यासारखी भोकं, आणि प्रत्येक भोकातून तांबडं पाणी. जे हँडल वाळूत आणि गोदामात इतकी वर्षं टिकलं ते माझ्या हातून गेलं. नवा मुलामा देता येतो, पण तो ओळखू येतो. बघणारे वाकून बघतात.

तुझी चूक नाही. तू प्रेमाने मीठ घातलंस.

तेव्हापासून मी सिक्राबमध्ये फिरतो आहे. भंगाराच्या आवाराला इकडे सिक्राब म्हणतात. तिथला तौफीक ओळखीचा आहे. म्हणाला, "चाचा, साइकिल का हँडल ढूँढते हो कि खोया हुआ बच्चा?" काल त्याने जुन्या फ्रिजांच्या मागे नेऊन एक सायकल दाखवली. ताई, तोच कारखाना, तेच साल. पण मुलींची. वरचा दांडा नाही, कमानीसारखा खाली वाकलेला. हँडल गंजलेलं, पण आतून धड. सोलाच्या पाण्याने, बिनमिठाच्या, निघेल.

ह्या धंद्यात मुलींच्या सायकलला कोणी विचारत नाही. मुलग्यांच्या सायकलला भाग कमी पडला की मुलींची घेऊन त्यातला काढायचा, अशीच रीत आहे. बू सालेमने दाखवलं, अमेरिकेतही तसंच करतात. सायकल गाळ्यावर आणून ठेवली आहे. अजून हात लावलेला नाही. तिच्या मागच्या मडगार्डला दोन्ही बाजूंनी बारीक भोकांची रांग आहे. गंजाची नाहीत, कारखान्यानेच पाडलेली. कशाला ते कळत नाही.

बू सालेमला अजून सांगितलं नाही. गाडीचा आवाज मला ऐकू येत नाही, म्हणून सारखा दाराकडे बघतो.

काशिनाथ

ता. क. बू सालेमच्या बायकोला मी पाहिलेलं नाही. घराचा दरवाजा पाहिला आहे. फराळ रितेशकडे झाला तेवढाच. सोलकढीला एक वाटीसुद्धा उरली नाही.


वालावल
२ डिसेंबर २०२४

चि. काशी,

डोळे चांगले आहेत. तांदळातला खडा अजून मलाच दिसतो. रंगाचं माझं लिहिताना चुकलं असेल, सोड.

तोंड उघडून सांगितलं असतंस कशाला हवं ते, तर सुकी सोलं पाठवली असती. तुझं लहानपणापासून हेच. पोटात दुखतं आणि हात डोक्याला. बाबांना शाळेच्या फीचं सांगायचं तर आधी मला सांगायचास, मी आईला सांगायची, आई बाबांना. आता आई-बाबा गेले, तरी तुझी रीत तीच.

भोकांचं तुला खरंच कळलं नाही? अरे, परकर चाकात अडकू नये म्हणून. दोरा ओवून जाळी करत असतील मडगार्डापासून मधल्या आखापर्यंत. मी ती सायकल पाहिली नाही, अमेरिकाही पाहिली नाही, पण हे मला चुलीसमोर बसून कळतं. ज्याने भोकं पाडली त्याच्या घरात मुलगी असणार.

म्हणजे पोरीच्या सायकलचं काढायचं आणि पोराची पुरी करायची. त्यात रीत कसली नवीन शोधलीस. आपल्याकडे तुझी सायकल आली ती कशी आली ते मी विसरले नाही. तुला हायस्कूलला कुडाळला जायचं होतं. मला चौथीनंतर घरी बसवून वाचवलेले पैसे तिला लागले. मी म्हटलं होतं मला मागे बसवून नेईल काशी, तर आई म्हणाली, "चेडवाक शाळा कित्याक?" बरं, तू तरी शिकला असतास तर समाधान. तू सातवीला दोनदा बसलास.

रागावून लिहीत नाही. हसत लिहिते आहे. बघ, तुला ते दिसत नाही कागदावर.

तुझं काम आहे, पोटाचं आहे, तू कर. हँडल काढ. पण काढताना तिला एक शब्द सांग.

थंडी पडली का तिकडे? इकडे पहाटे पडते. चूल पेटवायला घाई नसते.

ताई


अम्गरा
५ जानेवारी २०२५

ती. ताई,

तुझं पत्र पोचायच्या आधीच मी हँडल काढलं होतं. शब्द सांगायचा राहिला.

नुसतं हँडल नाही. एक काढलं की दुसरं खुणावतं. आपल्या सायकलची चेन ताणली गेली होती, त्या एकाआड एक दाताची चेन आता कुठे मिळत नाही, तिची मिळाली. मग पेडलं. मग सीटखालच्या स्प्रिंगा. मग स्क्रू, सरळ खाचेचे. आता तिचा सांगाडा, मडगार्डं आणि चाकं उरली आहेत. सांगाडा भिंतीला टेकवून ठेवला होता. खाटेवरून समोर तोच दिसायचा. वर चादर टाकली, तर चादर टाकलेलं आणखीच वाईट दिसलं. कोणीतरी बसल्यासारखं. आता तोंड भिंतीकडे करून ठेवली आहे.

बू सालेम आला होता. आवाज आला नाही, एकदम मागे उभा. त्याने खराब झालेलं हँडल कोपऱ्यातून उचललं. म्हणाला, "काशी, शिनू हादा? ये क्या हुआ?"

मी सगळं सांगितलं. कोकम, मीठ, बाटली, दिवाळी. माझी हिंदी अशा वेळी लंगडते. त्याला कोकम कळलं नाही. म्हणाला, "तमर हिंदी? इमली?" मी म्हटलं चिंचेसारखंच. मग सायकलवर बसवलेल्या हँडलकडे बोट केलं.

"ये अमरीका का?"

"अमरीका का."

"वही साल का?"

"वही साल का."

"खलास," म्हणाला, आणि भोंगा वाजवून बघायला लागला. ओरडला नाही. ते कुठून आलं, कशातून काढलं, विचारलंच नाही. मी दोन महिने रक्त आटवलं आणि त्याला एक मिनिटही लागलं नाही. बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. इकाम्याचं विचारायला तोंड उघडलं तोवर त्याच्या फोनवर कोणी आलं.

हे पत्र रितेश घेऊन येतो आहे. त्याला म्हटलं आहे, पोस्टात टाकू नको, घरी जाऊन दे, आणि ताईचे डोळे बघून ये. तो एक्स-रेवाला असला तरी हॉस्पिटलातला आहे. माडाकडेही बघायला सांगितलं आहे. अक्षय घरी असेल तर त्याला विचारील.

ताई, ती माझी सायकल आठवली. तू मागे धरून पळायचीस, मला शिकवताना. तुला कोणी शिकवलं होतं सायकल धरायला?

काशिनाथ


वालावल
२३ जानेवारी २०२५

काशी,

रितेश येऊन गेला. चांगला मुलगा आहे. माझे डोळे बघितले, माड बघितला, मग घर बघितलं. विचारलं काही नाही, पण दोन खोल्यांना कुलूप बघितलं त्याने. तो तुला सांगणारच, म्हणून त्याच्या आधी मी सांगते.

अक्षय आणि दर्शना गणपतीचं विसर्जन झालं त्याच आठवड्यात पुण्याला गेली. नोकरी तिकडे लागली दोघांना. भांडण नाही, तंटा नाही. मला चल म्हणाली होती. मी तिकडे चौथ्या मजल्यावर काय करू? कोंबड्या कुठे ठेवू?

तुझे फोटो दर्शनाच्या फोनवर जातात. फोन तिच्याबरोबर पुण्याला. मी सायकल पाहिलेलीच नाही. हिरवी लिहिली कारण तुझी पहिली हिरवी होती. दुसरा रंग डोळ्यांसमोर येईना.

तुला कळवलं नाही, कारण तू मग यायचं म्हणून आला असतास. म्हातारी एकटी आहे, पडली बिडली तर, म्हणून. तसा येऊ नकोस. मला राखणदार नको. तुझं पोट तिकडे आहे, तुला ते काम आवडतं हे पत्रात दिसतं. कोणी कोणाला आडवं येऊ नये.

माड तसाच आहे. माडावर चढणारा पाडेकरी येतो येतो म्हणतो. रात्री वारा सुटला की मी पडवीत निजते, तिथवर तो पोचत नाही.

आणि सायकल धरायला मला कोणी शिकवलं नाही. तुझ्या मागून पळता पळता आलं. कधी तू घरी नसताना घरामागच्या परड्यात एकटीने चढून बघितलं होतं. वरचा तो दांडा. लुगड्यात पाय वर जाईना. पडले, ढोपर फुटलं, आईला म्हटलं विहिरीवर घसरले. हे आज प्रथमच कोणाला सांगते आहे.

ताई


अम्गरा
२७ फेब्रुवारी २०२५

ती. ताई,

तुझं पत्र येऊन दोन आठवडे झाले. रोज कागद घेतो आणि ठेवतो.

मला वाटायचं घर भरलेलं आहे. मी त्या हिशेबाने इकडे राहत होतो. रात्री वारा सुटला तर तू पडवीत, आणि मी इथे त्या माडाची काळजी करतो, असं चाललं होतं.

प्रदर्शन झालं. लोक वाकून वाकून बघत होते. एका गोऱ्या म्हाताऱ्याने हँडलवर बोट फिरवलं, मग बू सालेमचा हात हातात घेऊन हलवत राहिला. बू सालेमने माझ्याकडे बोट दाखवलं. म्हातारा माझ्याशी बरंच काही बोलला. मला ऐकू आलं नाही, मी मान हलवली. बक्षीस मिळालं. त्याच संध्याकाळी बू सालेम म्हणाला, "काशी, एक साल और. कंटेनर आ रहा है, अमरीका से. सब बाइसिकल." माझा पासपोर्ट घेऊन गेला आणि इकामा वाढवून आणला. वर्षभराचा.

ज्यासाठी इतके महिने जीव टांगलेला होता ते झालं. तुझं पत्र खिशात होतं तेव्हा. मला नाही म्हणायला जमलं नाही. मला आयुष्यात ते कोणालाच जमलेलं नाही, तुला माहीत आहे. माझा पहिला साहेब म्हणायचा, काशिनाथ "हो" इतक्या लवकर म्हणतो की प्रश्न अर्धा राहतो.

एक मात्र केलं. ती पोरीची सायकल तौफीककडे परत दिली नाही. तिला भिंतीकडून फिरवली आणि उभी केली. सांगाडा, मडगार्डं आणि चाकं तिची, बाकी जे मिळेल ते. हँडल एका पाकिस्तानी सायकलचं, चेन आणि दात चिनी, पेडलं कुठली ते ठाऊक नाही, सीट मीच शिवलं, जुन्या गाडीच्या गादीच्या कातड्याचं. सांगाडा, मडगार्डं आणि चाकं सोडली तर त्या सालचा एक भागही तिच्यात आता नाही. अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांनी पाहिली तर तोंड फिरवतील. रंग विचारशील तर हिरवा दिला आहे. हिरवाच दिला. मडगार्डाच्या भोकांतून मासेमारीचा पांढरा नायलॉन ओवला, जाळी केली, तू सांगितलीस तशी. तीन वेळा उसवली, तेव्हा सारखी झाली.

ती कार्गोने पाठवतो आहे. गोणपाटात गुंडाळलेली येईल. गठ्ठा अरुंद व्हावा म्हणून हँडल ढिलं करून आडवं फिरवलं आहे. कुडाळच्या बाजारात महादेव सायकलवाला अजून बसतो ना? त्याला सांग, सरळ करून घट्ट कर म्हणावं. वरचा एकच बोल्ट आहे. कुठल्याही लहान-मोठा होणाऱ्या स्क्रू-पान्याने होईल, दोन मिनिटांचं काम आहे.

वरचा दांडा नाही. पाय वर करावा लागत नाही. चालवू नकोस, ह्या वयात पडलीस तर कोण आहे तिथे. नुसती पडवीत ठेव. पण थांबायचं झालं तर लक्षात ठेव, हाताला काही नाही, पेडल उलटं मारायचं.

काशिनाथ


वालावल
१२ एप्रिल २०२५

काशी,

सायकल आली. टेम्पोवाल्याने फाट्यावर उतरवली, दोन माणसांनी आणून पडवीत ठेवली. गोणपाट मी विळीने कापलं.

सगळी वाडी येऊन बघून गेली. सुधीरची आई मुद्दाम नेरूरहून आली. म्हणते, "नर्मदाबाय, भाऊ येवचो तर सायकल इली." म्हटलं बायो, भावाच्या नावाने ह्या घरात मिक्सर आला, घड्याळ आलं, ब्लँकेटं आली, अत्तरं आली. भाऊ तेवढा राहिला यायचा. सगळ्या हसल्या. मीपण हसले.

जाळी हात लावून बघितली. एकही गाठ वर दिसत नाही. तुला कळलं तर मग.

महादेवकडे मी गेले होते. तो आला, बघितली, पाना काढला, लावला, परत ठेवला. म्हणाला ही अमेरिकेची सायकल, हिचं माप इंची, माझ्याकडचा पाना हिला बसत नाही. म्हणाला ज्याने ढिलं केलं त्यानेच घट्ट केलं पाहिजे. मी त्याला दुसऱ्यांदा विचारलं नाही. चहा दिला, गेला.

त्यामुळे हँडल आडवंच आहे. येणारा-जाणारा विचारतो तोंड असं वाकडं का केलंय हिने. अक्षय पुण्याहून आला होता, म्हणाला आई, मीच बघतो. त्याला हात लावू दिला नाही.

मला घाई नाही. तुला राखणदार म्हणून ये असं मी म्हणत नाही, तेव्हाही म्हटलं नाही. सायकल आहे आणि तिचं हँडल आडवं आहे, एवढंच कळवते. असं हँडल असताना तिच्यावर बसता येत नाही, नाहीतर मी परड्यात एक फेरी मारून बघणार होते.

पावसाळ्याआधी माड उतरवायला हवा. पाडेकऱ्याला खाली दोर धरायला माणूस लागतो.

ताई


अम्गरा
४ मे २०२५

ती. ताई,

कंटेनर आला आहे. अजून उघडला नाही. सकाळी बू सालेम आला तेव्हा त्याला सांगितलं, मी घरी जातो. म्हणाला, "सुटी?" मी म्हटलं नाही. म्हणाला, "लेश? क्यों?" मी म्हटलं, घरी एक सायकल आहे, तिचं हँडल आडवं आहे.  त्याला वाटलं मला नीट ऐकू आलं नसेल, म्हणून परत मोठ्याने विचारलं. मीही परत मोठ्याने तेच सांगितलं.

  तुझे डोळे तरीही एकदा तपासायलाच हवेत, मी आलो की कुडाळला जाऊ.

महादेव म्हणतो ते बरोबर आहे. मीच चुकीचं लिहिलं होतं. तिथल्या पान्याने ते होणार नाही. पाना माझ्याकडे आहे, तो घेऊन येतो. तोवर कोणाला हात लावू देऊ नकोस, आणि वारा सुटला तर पडवीतच नीज.

काशिनाथ